ज्याचा त्याचा कागद

एक पावसाळा असा गेला, की आमच्या कामोठे गावातल्या निदान वीस बायका रोज सकाळी कोमट पाण्याच्या टोपात हात बुडवून मुठी उघडत-मिटत बसायच्या, आणि त्याला कारण मी होते. म्हणजे मी स्वतः नव्हे, माझा कागद. मी शिकवणी घ्यायला निघाले की एकेका ओटीवरून आवाज यायचा, "मास्तरीन, बग गो, बरोबर करतंय ना मी?" मी लाजून मान हलवायचे आणि सेक्टरच्या रस्त्याला लागेपर्यंत पदर तोंडाला लावून हसायचे.

कागदाची गोष्ट आईच्या हातांपासून सुरू होते. माझी आई गावातल्या लग्नांत भाकऱ्यांना पुढे असायची. तांदळाची भाकरी, पोळपाटावर नाही, दोन्ही तळहातांवर फिरवून थापलेली. मी सातवीत असताना तिची बोटं सकाळी उठल्यावर वळेनाशी झाली. दुपारपर्यंत मोकळी व्हायची, म्हणून कोणी मनावर घेतलं नाही. सगळे म्हणाले, वात आहे. मग पाला बांधून झाला, तेल झालं, तांब्याचं कडं झालं, कोणीतरी सांगितलं म्हणून दोन वर्षं वांगं बंद झालं. बोटं हळूहळू करंगळीच्या बाजूला कलत गेली, वाऱ्याने शेत कलतं तशी. खऱ्या डॉक्टरांपर्यंत आम्ही पोचलो तोवर मी पदवीधर झाले होते.

त्या डॉक्टरबाई दर गुरुवारी पनवेलला एसटी स्टँडजवळ एका केमिस्टच्या दुकानावरच्या खोलीत बसायच्या. सांध्यांच्याच डॉक्टर. त्यांनी आईचे हात आपल्या हातात घेतले आणि म्हणाल्या, "आणखी बिघडू देणार नाही. पण वाकलंय ते सरळ नाही होणार. थोडं आधी यायला हवं होतं."

आईने त्यातला एकच शब्द धरला. आधी. ती म्हणाली, "माजा जाव दे, बाय. माज्या दोन पोरांचा बगा. त्यांचे हात सरल ऱ्हावले पायजेत. मना दुसरा काय नको."

मला वाटलं डॉक्टर म्हणतील, होईल तेव्हा बघू. पण त्यांनी पेनच खाली ठेवलं. चेहरा असा उजळला, जणू कोणी त्यांच्या आवडीची भाजी आणली आहे. "आजार व्हायच्या आधी आलेला पेशंट मला वर्षात एखादा मिळतो! बोलवा, बोलवा. कुठे आहेत?"

मी तिथेच होते. भाऊ खाली रिक्षा लावून मोबाइलवर गाणी ऐकत होता. त्याला वर आणलं.

आमच्या घरात पहिली पदवी माझी. बी.एस्सी. झाले म्हणून घरच्यांची समजूत, की मला सगळ्या डॉक्टरांची भाषा येते. मीही तसाच आव आणला. वही उघडून म्हटलं, "मॅडम, काय करायचं त्याची एक यादी द्या. मी घरात सगळ्यांकडून पाठ करून घेते."

"सगळ्यांची एक यादी नाही होत," त्या म्हणाल्या. "तुम्ही दोघं एका आईची असलात तरी एक माणूस नाही ना? आधी मला तुम्ही कळायला हवं."

मग त्यांनी जे प्रश्न विचारले, तसे आजवर मला कोणीच विचारले नव्हते. घरात चूल आहे का, झोप लागते का, दात घासताना रक्त येतं का, कोणाच्या डोळ्यात लाली येते का, बाबा कशाने गेले, बाबांची टाच दुखायची का. बाहेर बाकावरचे पेशंट खोकून खोकून आठवण करून देत होते. मी रक्ताच्या प्रश्नाला "हो" म्हणाले तेव्हा त्यांनी माझ्या तोंडात टॉर्च मारला आणि शांतपणे विचारलं, "मिश्री किती वर्षं?"

मी आजवर कोणाला न सांगितलेली गोष्ट त्यांनी एका मिनिटात बाहेर काढली. मिश्री म्हणजे तव्यावर जाळून पूड केलेला तंबाखू. आमच्याकडे बायका ती सकाळी दातांना लावतात. आजी लावायची, आई लावते, मावशी तर डबी कनवटीलाच ठेवते. मी दहावीच्या अभ्यासाला पहाटे उठायचे तेव्हा झोप जावी म्हणून लावायला लागले ती लागलेच. पुढे मी कामोठ्यातल्या क्लासमध्ये आठवीच्या मुलांना तंबाखूचे दुष्परिणाम हा धडा शिकवत होते, फळ्यावर ठळक अक्षरात मुद्दे काढत होते, आणि तासाभरापूर्वी माझ्याच हिरड्यांवर चिमूटभर तंबाखू होता. भाऊ खुर्चीवरून पडायचा बाकी राहिला. "ताई? तू? मना शिगरेटवरून गेल्या चार वर्सां बोलतंस!"

"तुझ्याकडेही येणारच आहे मी," डॉक्टर त्याला म्हणाल्या.

पुढच्या गुरुवारी रक्ताचे रिपोर्ट आले. माझ्या रक्तात एक खूण निघाली. डॉक्टरांनी ती मला नीट समजावली, आणि हे समजावणं मी अजून विसरले नाही. "हा आजार नाही. ही शक्यता आहे. शरीराचे पहारेकरी स्वतःच्याच घरावर दगड मारतील की काय, अशी शंका. कधी ते कधीच मारत नाहीत. त्यांना चिथवणाऱ्या गोष्टी, म्हणजे तंबाखू, खराब हिरड्या, आपण कमी करू आणि लक्ष ठेवू. मी खात्री देत नाही. पण सुरुवात झालीच, तर आपण पहिल्या दिवशी हजर असू, आईसारखं दहा वर्षांनी नाही."

भावाच्या रक्तात तसली खूण नव्हती. तो विजयी मुद्रेने उठलासुद्धा. डॉक्टरांनी त्याला बसवलं, बाही वर करायला लावली आणि कोपरावरचा खपलीचा चट्टा पाहिला. मग नखं पाहिली. नखांवर बारीक बारीक खळगे होते, टाचणीने टोचल्यासारखे. तो सोरायसिस होता; काहींच्या बाबतीत तो त्वचेवरून सांध्यांतही उतरतो, असं डॉक्टर म्हणाल्या. एकदम मला बाबांचं कोपर आठवलं. बाबा कळंबोलीच्या लोखंड बाजारात माथाडी होते. त्यांच्या कोपरावर असाच चट्टा होता आणि आम्ही सगळे त्याला लोखंडाची ॲलर्जी म्हणायचो. पाठ आणि टाच दुखायची, ती ओझ्याने असंच धरून चाललो होतो.

"म्हणजे ताईने आईकडून घेतलंय आणि तू बाबांकडून," डॉक्टर म्हणाल्या. "दोन रस्ते. दोन कागद."

आणि त्यांनी दोन कागद लिहिले, मराठीत, मोठ्या अक्षरात. माझ्या कागदावर होतं: मिश्री बंद. दाताच्या डॉक्टरकडून हिरड्या साफ करून घे. रोज चाल. सकाळी हात कोमट पाण्यात घालून मुठी उघड-मीट कर आणि घड्याळ बघ; दोन्ही हातांची बोटं अर्ध्या तासापेक्षा जास्त आखडलेली राहिली आणि असं रोज होऊ लागलं तर ये. भावाचा कागद त्याने न वाचताच घडी घालून खिशात टाकला. खाली उतरताना तो म्हणाला, "ताई, तुजा आदी वाच. तुजा भारी असेल."

इथवर सगळं ठीक होतं. पण आमच्या घरी मावशी आहे.

मावशी आईची धाकटी बहीण. शेजारच्याच घरात राहते आणि दिवसातले अठरा तास आमच्या घरात असते. गावात कोणाच्या लग्नाला किती किलोच्या भाकऱ्या लागतील हे ती नुसतं आवतण ऐकून सांगते. कागद दोन आहेत हे तिला कळलं आणि तिचा पारा चढला.

"एका पोटची दोन पोरां नि दोन कागद? डागतरनीना काय वाटनी मांडलीय? आमच्यात एका टोपातला सगली खातान."

"मावशी, प्रत्येकाचं शरीर वेगळं असतं, म्हणून..."

"गप. तू शिकलंयस, म्हणून तुना चांगला लिवून दिलाय. रिक्षावाल्याला कायतरी उरलासुरला लिवला असेल."

मावशीचा हिशेब सरळ होता. जे चांगलं ते सगळ्यांना मिळालं पाहिजे. वर्गात पहिल्या आलेल्या मुलीची वही जशी सगळे उतरवून घेतात, तसा तिने माझा कागद उचलला, स्टेशन रोडच्या झेरॉक्सवाल्याकडे गेली आणि गठ्ठाभर प्रती काढून आणल्या. मग एका लग्नाच्या भाकऱ्या थापायला बायका जमल्या होत्या तिथे तिने त्या प्रसादासारख्या वाटल्या. मला कळलं ते तिसऱ्या दिवशी, पहिल्या ओटीवरची पहिली मुठीवाली दिसली तेव्हा.

मी मावशीवर चिडले, पण मनातून सुखावलेही, हे कबूल करते. सगळं गाव माझ्या नावाचा कागद वाचत होतं. आणि कोमट पाण्याने कोणाचं काय बिघडणार होतं? एका काकूंनी तर जावेबरोबर पैज लावली होती, कोणाची मूठ आधी वळते. दुसऱ्या एकीने आपल्या नवऱ्याला गजराचं घड्याळ घेऊन समोर बसवलं होतं. "हलू नुको. अर्दा तास झाला का सांग." तो बिचारा चहाशिवाय बसायचा.

एकच गोष्ट मला कळत नव्हती. एवढ्या बायकांनी कागद घेतला, पण मिश्री कोणीच सोडली नव्हती. एक प्रत हातात घेऊन पाहिली तर पहिली ओळच नाही! तिथे पांढरी पट्टी. मावशीने झेरॉक्सवाल्याला सांगितलं होतं, "त्या वरच्या वलीवर कागुद ठेव नि मग काड."

मिश्री सोडणारी गावात मी एकटी. पहिले पंधरा दिवस मी क्लासमध्ये खडू चावत होते. मुलांनी माझ्या वर्गात शांततेत घालवलेले ते सर्वांत शिस्तीचे दिवस असावेत.

भाऊही माझाच कागद पाळत होता. रोज सकाळी रिक्षा काढण्याआधी बादलीत हात, आणि मला ओरडून सांगायचा, "ताई, नाय आखडत! एक मिंट पन नाय!" आई लांबून त्याचे हात बघायची आणि तिचा चेहरा निवायचा. मीसुद्धा खूश. विज्ञानाची पदवीधर मी, पण तो कुणाच्या कागदावरून आपले हात तपासतोय, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

दिवाळीनंतर त्याचा साखरपुडा ठरला. मुलगी उरणची, हसरी आणि तोंडाची फटकळ. पनवेलच्या सोनाराकडे महिन्यापूर्वी अंगठीचं माप दिलं होतं. रविवारी दुपारी गावच्या हॉलमध्ये दोन्हीकडची मिळून तीनशे माणसं, स्पीकर, पेढे, सगळं. मुलीने अंगठी भावाच्या उजव्या हाताच्या बोटात घालायला घेतली आणि ती पहिल्या पेऱ्यावरच अडकली.

आधी सगळे हसले. मग मावशी पुढे झाली. "सोनार आंधला हाय मेला. आना साबन." साबण झाला. खोबरेल तेल झालं. कोणीतरी बोटाला दोरा गुंडाळायची युक्ती सांगितली. मावशीने अंगठी धरून असा जोर लावला, की भाऊ खुर्चीसकट पुढे सरकला. मुलगी म्हणाली, "ऱ्हावदे मावशी. अंगठी मना द्या. त्यांना बांगडी करून घालू." हॉल खदखदला. मुलीचा भाऊ शिट्ट्या मारायला लागला.

मीही हसत होते. हसता हसता मी ते बोट पाहिलं. बाकीची बोटं नेहमीसारखी. हे एकच, मुळापासून टोकापर्यंत सारखं फुगलेलं, गुळगुळीत, लालसर.

"हे कधीपासून?"

"झाले तीन आठवडे," तो तेलकट बोट पुसत म्हणाला. "ॲक्सिलेटरनी होतंय. पन ताई, आखडत नाय हा! रोज बगतंय. तुज्या कागदावर लिवलंय ना, दोनी हात. माजा एकच बोट हाय."

माझं हसू तिथेच थांबलं. "तुझा कागद कुठे आहे?"

"रिक्षात. परमिटच्या पाकिटात."

मी पैठणी सावरत हॉलच्या बाहेर पळाले. माझ्यामागे भाऊ, त्याच्यामागे मावशी, आणि काहीतरी मजा चालली आहे असं वाटून मुलीकडची दहा-बारा माणसं. रिक्षाच्या पाकिटातून परमिट, विमा, देवाचा फोटो आणि सगळ्यात खाली घडी घातलेला कागद निघाला. इतक्या महिन्यांत एकदाही न उलगडलेला. त्यावर सिगारेट बंद असं होतं. वजन, चट्टा खाजवू नकोस, टाच आणि पाठ दुखली तर सांग, असं होतं. आणि शेवटी दोनदा अधोरेखित केलेलं: एखादंच बोट वेलची केळ्यासारखं फुगलं, तर गुरुवारची वाट पाहू नकोस. फोन कर.

सगळ्यांनी एकदम भावाच्या बोटाकडे पाहिलं. मुलीची काकी पुटपुटली, "आगो बाय, वेलचीच केला हाय."

मी तिथूनच फोन लावला. डॉक्टरांच्या आवाजात रविवारची झोप होती, पण माझं वाक्य संपायच्या आत ती उडाली. "तीन आठवडे? उत्तम. उत्तम म्हणजे, त्याने आधीच यायला हवं होतं, पण तीन आठवडे म्हणजे अजून काही गेलेलं नाही. उद्या गुरुवार नसला तरी मी पनवेलला येते, सकाळी आणा. आणि अंगठी ओढू नका!"

अंगठी साखरपुड्यापुरती करंगळीत गेली. मुलीच्या घरचे काय म्हणतील या भीतीने आई एका खुर्चीवर गोळा होऊन बसली होती, आपले वाकडे हात पदराखाली घेऊन. मुलगीच तिच्याजवळ जाऊन बसली. "आई, उद्या मी पन येतंय डागतरकडं. मना पन कलू दे, काय काय बगायचा ते."

दुसऱ्या दिवशी सहा माणसं डॉक्टरांच्या खोलीत. रिक्षा भावाचा मित्र चालवत होता आणि भाऊ मागे बसून त्याला सारखा म्हणत होता, "दुसरा गिअर टाक, दुसरा!" डॉक्टरांनी बोट पाहिलं, एक्स-रे पाहिला आणि म्हणाल्या, हाड शाबूत आहे. औषधाने सूज उतरेल. आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी, मधूनमधून रक्ताची तपासणी, आणि दारू अजिबात नाही.

"दारू नाय?" मावशी ओरडली. "हलद कशी व्हायची मग?"

ज्यांनी आमच्याकडची हळद पाहिली नाही, त्यांना त्या किंकाळीचा अर्थ कळणार नाही. डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "हा मुलगा ताईच्या कागदावर कसा गेला?" मावशी छताकडे बघू लागली. मग मीच सगळं सांगितलं. झेरॉक्स, मुठी, घड्याळवाला नवरा, झाकलेली ओळ. डॉक्टर आधी गंभीर राहायचा प्रयत्न करत होत्या. झाकलेल्या ओळीपाशी त्यांनी चष्मा काढला आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

मग मावशीला म्हणाल्या, "तुम्ही यांची सख्खी बहीण. तुम्हालाही कागद हवा." तिचेही प्रश्न झाले, हिरड्या, हात, सगळं. रक्त तपासलं, ते पुढच्या फेरीत स्वच्छ निघालं. तेव्हा त्यांनी मावशीचा कागद लिहिला. त्यावर एकच ओळ होती. मिश्री बंद.

मावशी कमालीची दुखावली. "पोरीला चार वली, पोराला पाच, नि मना एक?"

"तुमची तब्येत दणकट आहे," डॉक्टर म्हणाल्या. "तुम्हाला एवढंच पुरे."

जिना उतरेपर्यंत तिचा राग मावळून त्याचा अभिमान झाला होता. त्यानंतर चार महिने ती गावभर सांगत फिरली, की तिला एकच ओळ लागते. मिश्री तिने दोनदा सोडली आणि दोनदा धरली. तिसऱ्यांदा सोडली ती सुटली. कागद तिने काचेच्या कपाटात, लग्नाच्या फोटोशेजारी उभा केला. एका शेजारणीने झेरॉक्स मागितली तेव्हा ती म्हणाली, "तुजा तू आन जा. ह्यो माजा हाय." आणि खरोखर, पुढच्या गुरुवारी तीन बायका आपापला कागद आणायला पनवेलला गेल्या.

भावाची सूज लग्नाच्या आधी उतरली. बोट पूर्वीसारखं अगदी बारीक नाही झालं, पण शेजारच्या बोटांशी नातं सांगण्याइतकं झालं. हळदीच्या दिवशी बँजो वाजत होता, सगळं गाव नाचत होतं आणि नवरदेव लिंबू सरबताचा ग्लास उंच करून नाचत होता. मित्रांनी त्याला इतकं छळलं, की शेवटी नवरीनेच फोन करून त्यांना दम भरला.

दुसऱ्या दिवशी मांडवात तीच अंगठी पुन्हा आली. मावशीने माझा दंड असा धरला होता, की वळ उठला. अंगठी पहिल्या पेऱ्यावर थांबली, नवरीने जराशी फिरवली, आणि ती आत गेली.

माझी बोटं अजून सरळ आहेत. डॉक्टर म्हणतात, कागदामुळे की नशिबाने, हे तुझ्या एकटीवरून मी सांगू शकत नाही; मुठी उघडत मिनिटं मोजत राहा. मी मोजते. पण त्या दिवशी मांडवात मी आईकडे पाहत होते. ती पुढे झाली, भावाचा उजवा हात आपल्या दोन वाकड्या हातांत घेतला, आणि अंगठीकडे न बघता, एकेक करून त्याची पाचही बोटं सरळ करून पाहिली. मग माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "आन इकडं. तुजेबी."

मी नऊवारीत, तीनशे माणसांसमोर, दोन्ही हात पुढे केले.